दोन बोटं, तीन माणसं

आमच्या गल्लीत पाणी माणशी दोन घागरी मिळायचं. हा नियम महापालिकेचा नव्हता, सुंदरामावशीचा होता. नळ सार्वजनिक, पण राज्य तिचं. नळाला लागूनच तिची खोली, आणि पाणी यायच्या दिवशी दुपारपासूनच ती उंबऱ्यापुढं स्टूल टाकून बसायची. कुणाच्या घरी किती डोकी, कुणाची लेक सासरी गेली, कुणाकडं जेऊरचा पाव्हणा आठवडाभर ठाण मांडून बसलाय, सगळं तिच्या तोंडपाठ. बाळंतिणीला एक घागर जास्त. घरातलं माणूस गेलं तर जलदानविधी होईस्तोवर त्याचं पाणी चालू, नंतर बंद. या कारभारात कुणी ब्र काढायचं नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, सगळ्या जिल्ह्याचं पाणी ते कागदावरून इकडचं तिकडं करायचे, पण संध्याकाळी मावशीसमोर घागर घेऊन उभे राहिले की त्यांचाही आवाज खाली यायचा. आज माझ्या फ्लॅटच्या गच्चीत टाकी आहे, खाली मोटार आहे, तरी सोलापूरचं पाणी यायचं तेव्हाच येतं, आणि दारात पाव्हणा दिसला की मी त्याच्या तोंडाकडं बघण्याआधी मनातल्या मनात घागरी मोजते. सवय काही जात नाही.

त्या गल्लीत बाबांनी एका संध्याकाळी वेकेसाला आणलं. उंच, सडपातळ, हातात पत्र्याची ट्रंक आणि पाठीवर चादरीत गुंडाळलेली गिटार. आधी आम्हाला वाटलं, मूल बांधून आणलंय. वेकेसा केनियाचा. तिकडं पश्चिमेला उसाच्या पट्ट्यात त्याचं गाव. कापड विणायच्या शिक्षणासाठी तो सोलापूरला आला होता आणि शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं असताना त्याला राहायला जागा नव्हती. रिकाम्या खोलीबद्दल विचारायला तो स्वतः गेला, की ती खोली त्याच क्षणी दिली गेलेली असायची. बाबांना तो रस्त्याकडेला ट्रंकेवर बसलेला दिसला. बाबा फार बोलणारे नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी चपला काढायच्या आधीच आईला सांगून टाकलं, “नोकरीला लागलो तवा मी बी असाच फिरलोय ह्या शहरात. माझं आडनाव ऐकलं की खोली भरायची. आपल्या मागच्या खोलीत ठेवतोय ह्याला. परीक्षा होईस्तवर हा हितनं हलणार न्हाई, मग कुणी का यिना.” आईनं परातीत आणखी दोन मुठी ज्वारीचं पीठ घेतलं.

जेवताना आईनं चौकशी केली. “तुमच्याकडं पिकतं काय?” बाबांनी इंग्रजी करून सांगितलं, त्यानं उत्तर दिलं, बाबांनी मराठी करून सांगितलं, “ऊस म्हणतोय.” आईचा जीव एकदम भांड्यात पडला. “ऊस? मग नातेपुत्याकडचाच की!” आई नातेपुत्याची. जिथं ऊस पिकतो ती सगळी जमीन आपल्या माहेराला लागून आहे, अशी तिची भूगोलाची समज होती आणि ती शेवटपर्यंत कुणी मोडू शकलं नाही. पुढं वेकेसा सुट्टीत घरी जायचं म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्याकडं शेंगाचटणीचा डबा देऊन “जाता जाता माझ्या भावाकडं टाक” असं सांगितलं होतं. त्याचं जाणं रद्द झालं म्हणून बरं, नाहीतर तो चटणी घेऊन माळशिरस तालुकाभर हिंडला असता, कारण आईचा शब्द तो कधी खाली पडू देत नसे. मराठीही तो आईकडून आणि माझ्याकडूनच शिकला. त्यामुळं सहा फुटी वेकेसा “मी जेवते की”, “मी लई दमली” असं बोलायचा, आणि आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं की कुणी हसलं तर आम्हालाच राग यायचा.

आता गिटारीबद्दल. मी तोवर गिटार बघितली होती ती वरातीच्या बँडमध्ये, प्लास्टिकच्या नखीनं खरडून वाजवलेली. वेकेसाकडं नखी नव्हती. तो उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढीच दोन वापरायचा. बाकीची तीन बोटं मुडपून ठेवलेली. “ती कशाला हायत मग?” मी विचारलं. “ती जेवायला,” तो म्हणाला. सूर चढवायचा असला की माझ्या कंपासमधली पेन्सिल मागून घ्यायचा, गिटारीच्या मानेवर आडवी ठेवायचा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधायचा. त्या वर्षी माझ्या सगळ्या पेन्सिलींवर तारांचे वळ होते आणि चित्रकलेच्या बाईंनी त्याबद्दल मला दोनदा उभं केलं.

अंगठ्याचं काम खालच्या सुराचं. एक जाड तार, मग तिच्या शेजारची, पुन्हा पहिली, पुन्हा शेजारची, न थांबता, न घाई करता. तळव्याची कड तो तारांवर अलगद टेकवून ठेवायचा, त्यामुळं आवाज लांबत नसे. ठुम् झाला की लगेच मिटायचा. पहिली तार काहीतरी विचारतेय आणि दुसरी तिला जबाब देतेय असं वाटायचं. आणि वर, बारीक तारांवर, बोट. ते अंगठ्याबरोबर कधी पडायचं नाही. अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शिरायचं, तिथं चार सूर सांडायचं आणि पसार व्हायचं. त्यामुळं कानाला तो एक हात आहे असं पटतच नसे. मागच्या बाजूला यंत्रमाग चालायचे, त्यांचा खडाक्-खट दिवसभर आमच्या भिंतीत असायचा, आणि वेकेसाचा अंगठा कधीकधी मागांशी जुळून जायचा. अशा वेळी तो डोळे मिटून हसायचा. नारिंगी सरबताची खाचा-खाचांची काचेची बाटली असते ना, ती त्यानं माझ्या हातात दिली आणि चमचा खाचांवरून कसा फिरवायचा ते दाखवलं. त्यांच्याकडं गिटारवाल्याच्या शेजारी बसून कुणीतरी बाटली घासतंच म्हणे. माझी बाटली अशी काही बेताल निघाली की पहिल्याच दिवशी त्यानं ती प्रेमानं काढून घेतली आणि मला गिटारीवर बसवलं. तिथं माझा अंगठा आणि बोट एकमेकांचा हात धरल्यासारखी बरोबरच पडायची. चुलीपुढून आई ओरडली, “बगू नगं बोटांकडं! भाकरी थापताना कुटला हात थापतोय अन् कुटला फिरवतोय, बगितलं की भाकरी फाटती.” वेकेसाला हे समजावून सांगितल्यावर त्यानं उठून आईला वाकून नमस्कार केला. त्याच्या वडिलांनीही त्याला अगदी हेच सांगितलं होतं, फक्त भाकरीशिवाय.

आणि मग सुंदरामावशीनं माणसं मोजली.

पाण्याच्या दिवशी संध्याकाळी नळावर रांग लागायची आणि नेमका त्याच वेळी कॉलेजातून येऊन वेकेसा वाजवायला बसायचा. मागच्या खोलीला गल्लीकडं एक झरोका होता. एके दिवशी मी त्याच्या दोन घागरी भरायला गेले तर मावशीनं घागरीवर हात ठेवला. “मंदे, त्या खोलीत कितीजण हायत गं?”

“एकच की मावशी. वेकेसा.”

“मला शिकवतीस व्हय? एक जाड आवाजाचा, एक त्याला जबाब देणारा, अन् एक बारीक, वरच्या पट्टीत बोलणारा. तिघं हायत. एकाचं पाणी नेऊन तिघं आंघोळी करत्यात.”

मी हसले, हे चुकलं. मावशीला हसणं चालत नसे. तासाभरात ही गोष्ट गल्लीभर झाली, आणि गंमत म्हणजे ज्यानं त्यानं झरोक्याखाली उभं राहून कान लावला, त्याला त्याला तिघंच ऐकू आले. गल्लीचे पंच तात्या, चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे. कुठलीही वस्तू उघडून आत डोकावल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. ते बॅटरी घेऊन चारचौघांसह आमच्याकडं आले. खाटेखाली बघितलं. माळ्यावर बघितलं. ज्वारीच्या पिंपात हात घालून ढवळलं. ट्रंक उघडायला लावली, तेव्हा आई म्हणाली, “ट्रंकेत माणूस मावंल व्हय?” तर तात्या म्हणाले, “बारीक आवाजाचा मावंल.” शेवटी त्यांनी गिटार उभी धरली, तिच्या भोकात बॅटरी मारली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत बघत राहिले. “हितं न्हाईत,” त्यांनी जाहीर केलं. सगळे बाहेर पडले, वेकेसानं गिटार मांडीवर घेतली, अंगठा सुरू झाला, आणि गल्लीतून आरोळी आली, “आले बगा परत! गेल्या गेल्या आले!” दाराशी दोन माणसं पहाऱ्याला बसवली. त्यांनी दुसऱ्या दिवशी खबर दिली, की जादा दोघं दारानं येत-जात नाहीत, तो वाजवतो तेव्हाच असतात.

मला तोवर सगळं मजेचं वाटत होतं. पण रविवारी बुद्धवंदना झाल्यावर समाजमंदिरात बैठक ठेवली आणि तात्यांनी विषय मांडला, की खोली एका माणसाला म्हणून दिलेली आहे, तिघं राहत असतील तर ती रिकामी करावी, तेव्हा ती मजा संपली. वेकेसाची परीक्षा महिन्यावर होती. त्याला सगळ्या सोलापुरात दुसरी खोली मिळणार नव्हती, हे तो जाणून होता, बाबा जाणून होते, मीही जाणून होते. तो स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून, गिटार घेऊन, सगळ्यांसमोर सतरंजीवर बसला. बाबांनी त्याला सांगितलं होतं, सगळ्यांच्या देखत वाजव म्हणजे संशय फिटेल. त्यानं वाजवलं. सगळ्यांनी बघितलं. एक माणूस, एक हात, दोन बोटं. बाबा विजयानं म्हणाले, “बगितलंत न्हवं? एकच हाय.”

सुंदरामावशी जागची हलली नाही. “मी डोळ्यांनी तक्रार केलीच न्हाई,” ती म्हणाली. “मी कानांनी केलीया. कानांनी तपासा.”

पंचांना हा मुद्दा बिनतोड वाटला. तात्यांनी फर्मावलं, सगळ्यांनी डोळे मिटायचे, वाजवणं ऐकायचं, आणि जेवढी माणसं ऐकू येतील तेवढी बोटं वर करायची. कुणी कुणाचं बघून करायचं नाही. सगळ्या समाजमंदिरानं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. वेकेसानं वाजवायला सुरुवात केली. मी बघतेय तर सतरंज्यांवर ओळीनं बसलेली सगळी गल्ली डोळे घट्ट मिटून, तोंड वर करून, हवेत तीन-तीन बोटं धरून बसलेली. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी चार केली होती. वेकेसाचेही डोळे उघडेच होते. तो आणि मी, दोघांनीच ते दृश्य बघितलं, आणि त्याच्या अंगठ्यानं आयुष्यात पहिल्यांदा ठोका चुकवला. कारण पहिल्या ओळीत माझे बाबा बसले होते, ताठ, मान सरळ, आणि त्यांचीही तीन बोटं वर होती.

घरी आल्यावर मी त्यांच्याशी भांडले ते वेगळं. “मला तिघंच ऐकू आले,” ते म्हणाले, “भर सभेत खोटं कसं बोलू?” आज साठी ओलांडल्यावर मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. त्या दिवशी मात्र ते मला अजिबात आवडले नव्हते.

तर सभेत निकाल लागला: खोलीत तिघं आहेत. मग बाबा उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी ऑफिसात ज्या पद्धतीनं प्रकरणं निकालात काढली होती, त्या पद्धतीनं ते बोलले. “तिघं हायत हे मला मान्य हाय. खोली एकाला दिलीया. म्हंजे जादा किती? दोन. मग जादा असतील त्या दोघांना काढा की. ज्याला खोली दिली त्याला काढायचा प्रश्न येतोच कुटं?” सभेला हे फारच पसंत पडलं. आता त्यातले जादा कोण हे ठरवायचं राहिलं. मावशी म्हणाली, बारीक आवाजाचा पोरगा गुणी आहे, त्याला राहू द्या. तो जाड्या आणि त्याला जबाब देणारा, हे दोघं जाऊ द्यात. वेकेसाला विचारलं, की हे दोघं कुठून येतात? त्यानं खरं ते सांगितलं. त्यानं अंगठा वर केला. तात्यांच्या खिशात सूत असायचंच. त्यांनी वेकेसाचा अंगठा तळव्याशी घेऊन मागावरच्या पक्क्या गाठीनं बांधून दाखवला आणि सांगितलं, वाजवताना हा असा बांधलेला पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेकेसाही “लई उपकार झाले” म्हणाला. खोली राहिली होती.

त्यानंतर तो एका बोटानं वाजवू लागला. टिंग. टिंग टिंग. पावसात गळणाऱ्या पत्र्याखाली डबा ठेवल्यावर येतो, तसला आवाज. दोन-तीन संध्याकाळी त्यानं तो केला आणि मग गिटार चादरीत गुंडाळून खुंटीला टांगली, वर ते सूत. मी म्हटलं, गुपचूप सोडून वाजव, मी झरोक्याला उशी लावते. तो म्हणाला, “न्हाई. सगळ्यांनी ठरवलं. मी राहते हितं.” मग खुंटीकडं बघत म्हणाला, “गावाकडं माझ्या बाबांनी मला आधी नुसता अंगठा शिकवला. पूर्ण एक वर्ष. बोट नंतर आली. अंगठा घरी राहते, बोट फिरायला जाते. आता बोट एकटी फिरते.” त्या दिवसापासून तो एका भाकरीवर आला. आईनं ठेचा केला, पिठलं केलं, नातेपुत्याचा गूळ पुढं केला. तो “लई भारी” म्हणायचा आणि ताट सरकवायचा. पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं बघत बसायचा. बाबा हे सगळं बघायचे. एकदा ते आईला म्हणाले, “मी खोली तर वाचवली की.” आई म्हणाली, “खोली काय चाटायचीया?” बाबा त्या रात्री जेवले नाहीत, आणि मला त्यांची फार दया आली.

नळावरही काहीतरी बिघडलं. वेकेसा वाजवायचा तेव्हा रांग आपोआप शांत असायची, बायका कंबर एका बाजूला टाकून ऐकत उभ्या राहायच्या, हे आमच्या तेव्हा कुठं लक्षात आलं. आता घागरीला घागर लागायची, शिव्या निघायच्या, एकीची कळशी चेपली, दुसरीनं तिच्या तीन पिढ्या काढल्या. सुंदरामावशीचा हिशेब चुकायला लागला. नळाची धार आणि त्याचा अंगठा यांचं काहीतरी जमलेलं होतं. तिनं त्या ठोक्यावर घागरी सरकवायची सवय लावून घेतली होती. एकदा तर तिनं आमच्या घागरी दोनदा भरल्या आणि तात्यांच्या विसरली. तात्या काही बोलायला गेले तर ती स्टुलावर तशीच बसून राहिली, त्यांच्याकडं बघितलंही नाही. रांग मोडल्यावरही ती झरोक्याकडं तोंड करून बसलेली दिसायची.

परीक्षेला आठवडा राहिला असेल. पाण्याचा दिवस होता. नळ गेला, लोक पांगले, आणि सुंदरामावशी आमच्या मागच्या दाराशी आली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. दोन्ही काठोकाठ. बाबा बाहेर आले, आई आली, वेकेसा पुस्तक हातात घेऊन दारात उभा राहिला. मावशीनं घागरी उंबऱ्याशी उतरवल्या, पदरानं तोंड पुसलं.

“ही त्या जाड्याची,” ती म्हणाली, “अन् ही त्याला जबाब देणाऱ्याची. बोलवा त्यांना.”

“मावशी, पण ठराव झालाय,” बाबांच्या तोंडून गेलं.

“ठराव खोलीचा झालाय. पाण्याचं मी बगते. कुणी इचारलं तर म्हणावं, त्यांचं पाणी सुंदरा भरती.” मग ती वेकेसाकडं वळली. “कुटं गेले असतील रं ते एवढे दिवस? उपाशी असतील.”

वेकेसाला सगळे शब्द कळले की नाही, ठाऊक नाही. त्यानं खुंटीवरची गिटार काढली. मावशीनं तिच्यावरचं सूत उचललं आणि कमरेला खोचून टाकलं. तो पायरीवर बसला, तिथंच खाली मावशी फतकल मारून बसली आणि तिनं डोळे मिटले. अंगठा आधी नुसता चालला, बराच वेळ, एक तार, शेजारची तार. मग बोट आलं. मावशीनं हळूच हात वर केला, एक बोट धरलं, मग दुसरं, मग तिसरं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. समोर तिच्या खोलीचं दार उघडं टाकलेलं होतं, आत दिवा लागला नव्हता.

आईनं एकदम माझा दंड धरला. “मंदे,” ती कुजबुजली, “अगं, ती एकटी राहती. तिच्या घरात दोनच घागरी येत्यात.”